उंबऱ्यावरची चावी

'नाही' म्हणणाऱ्या माणसाचा राग मला फार दिवस धरता येत नाही. तोंडावर नाही म्हटलं की माणूस दुसरं दार ठोठावायला मोकळा होतो. माझा राग आहे 'बघू' म्हणणाऱ्यांवर. सारिकाच्या आयुष्याचं एक अख्खं वर्ष अशाच एका 'बघू'ने खाल्लं, आणि खाणाऱ्याला त्याची आठवणसुद्धा राहिली नाही.

मी हुस्नबानो. राहायला वलवणला, आणि लोणावळ्यात कॉलेजच्या रस्त्याला माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. पोरांचे अर्ज, प्रोजेक्ट, कोणाच्या लग्नाच्या पत्रिका, आणि पीएच.डी. करणाऱ्यांचे प्रबंध, सगळं माझ्या हाताखालून जातं. प्रबंधाच्या सुरुवातीला ऋणनिर्देश म्हणून एक पान असतं. 'ज्यांच्या कृपाछत्राखाली हे संशोधन पूर्ण झाले' असं गाइडसाहेबांबद्दल त्यात लिहायचं असतं. मी ते कृपाछत्र टाइप करत असते आणि लिहिणारा माझ्यासमोर स्टुलावर बसून त्याच साहेबांना शिव्या मोजत असतो. त्यामुळे गाइड या जमातीबद्दल माझं मत आधीपासूनच फार बरं नव्हतं. तरी एवढं वाईट नव्हतं.

सारिका मळवलीची, कॉलेजात शिकत होती तेव्हापासून माझ्या दुकानात येणारी. बुटकी, सावळी, पुढे झुकून भराभरा चालणारी. बोलायला कमी. तिचं एक मला पहिल्यापासून गमतीचं वाटायचं. ती चिडली की बोलत नसे, आवरायला घेई. माझ्या काउंटरवरचे कागदांचे गठ्ठे सरळ करी, पेनं एका बाजूला लावी, मशिनवरची धूळ पुसे. पोरीचा दिवस वाईट गेला की माझं दुकान लख्ख व्हायचं. तिचे वडील दत्तोबाही तसेच, असं तिची आई शालन सांगायची. "ह्यांच्याशी भांडान झालं की अंगण दोनदा झाडून निगतं," म्हणायची.

दत्तोबांची थोडी भातशेती. इंद्रायणी तांदूळ पिकवतात, आणि बाकी वेळ लोकांचे बंगले राखतात. ज्या जमिनीवर ते बंगले आहेत त्यातली काही एके काळी त्यांच्याच घराण्याची होती. सारिका त्या बंगल्यांच्या मागच्या खोल्यांत वाढली. सोमवार ते शुक्रवार एवढा मोठा बगिचा तिचा. शनिवारी गाड्या आल्या की झोका सोडायचा, आवाज करायचा नाही, दिसायचंसुद्धा नाही. आपण आपल्याच गावात पाहुणे कसे झालो, हा प्रश्न तिच्या डोक्यात तेव्हापासूनचा. समाजशास्त्रात एम.ए. झाली, तासिका तत्त्वावर कॉलेजात शिकवायला लागली, तरी तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. मग तिने ठरवलं, पीएच.डी. यावरच करायची. बंगले राखणाऱ्या मावळातल्या कुटुंबांवर.

पीएच.डी.शिवाय तिला पक्की नोकरी कोणी देणार नव्हतं, हे वेगळंच.

प्रवेश परीक्षा ती पहिल्या झटक्यात पास झाली. मी पेढे वाटले. मला वाटलं झालं काम. कसलं काय! तो निकाल ठरावीक मुदतीपुरताच चालतो. तेवढ्यात विद्यापीठाचा मान्यताप्राप्त गाइड शोधायचा, त्याच्याकडे विद्यार्थ्याची जागा रिकामी असली पाहिजे, आणि त्याने संमतिपत्रावर सही केली पाहिजे. सही नाही तर परीक्षा पुन्हा द्या. विहीर खणायला परवानगी आहे, पण कुदळ ज्याच्याकडे आहे त्याची मर्जी सांभाळा, असला प्रकार.

मग सुरू झाली पायपीट. एका साहेबांनी सांगितलं, जागा भरल्या. एकांनी सांगितलं, मी निवृत्त होतोय. एक म्हणाले, "मावळातली आहेस, मग बेडशाच्या लेण्यांवर कर की! बंगल्यांच्या वॉचमनवर काय करायचंय?" समाजशास्त्राच्या माणसाने हे म्हणावं! एका बाईंनी विचारलं, लग्न झालंय का, नाही तर मध्येच सोडून जाशील, माझी जागा फुकट जाईल. त्या दिवशी सारिकाने माझं स्टेशनरीचं अख्खं कपाट रिकामं करून पुन्हा लावलं.

शालन म्हणायची, "थोरलीचं लगीन जमवताना एवढं जोडं झिजलं न्हाईत." खरंच होतं ते. तिथे निदान कांदेपोहे तरी मिळतात.

आणि मग 'सर' भेटले. त्यांचं नाव मी लिहिणार नाही. नाव लिहिण्याएवढा मान मला त्यांना द्यायचा नाही.

सारिका पुण्याहून थेट माझ्या दुकानात आली ती धापा टाकत. सरांकडे एक जागा रिकामी होती. सर नामांकित. सरांनी अर्जावरचा पत्ता वाचला आणि खुर्चीत सरळ बसले. "मळवली? अगं, आमचा बंगला आहे की मळवलीला!"

"आणि विषय?" मी विचारलं.

"विषयाचं रविवारी बोलू म्हणाले. बंगल्यावर निवांत. बघू म्हणाले, मावशी. नाही म्हणाले नाहीत."

एकटीने बंगल्यावर कसं जायचं, म्हणून दत्तोबा बरोबर गेले. भात लावणीचे दिवस होते. बांधावरून उठून, पाय धुऊन, धुतलेला सदरा घालून गेले. पोरीचा गुरू म्हणजे काय साधी गोष्ट होती? पायलीभर तांदूळ फडक्यात बांधून नेला. सरांचा आधीचा राखणदार सोडून गेला होता. बंगला उघडा पडला होता, गवत कमरेएवढं माजलं होतं. सरांनी दत्तोबांना खुर्ची दिली, चहा दिला, आणि बोलता बोलता खिशातून चावी काढून पुढे केली. "दत्तोबा, तुम्ही लक्ष ठेवाल तर मी निर्धास्त झालो बघा."

दत्तोबांनी चावी घेतली. इथेच सगळं चुकलं. पण मळवलीचा दुसरा कोणी माणूस असता तरी त्याने घेतलीच असती. तिकडच्या राखणदारांत चावी हातात घेणं म्हणजे शब्द देणं. घरातलं कोणी आजारी असो, शेतात काम पडलेलं असो, त्या घराचं दार मग तुमचं. आणि दिलेला शब्द असा वाटेल तेव्हा परत करता येत नाही. सर पगाराचं बोलायला लागले, तर दत्तोबांनी कानाला हात लावले. "गुरूचं घर हाय, साहेब. पगार घ्यायचा व्हय? तुमी माज्या पोरीला हाताला धरा, मी तुमच्या दाराला धरतो."

सर गहिवरले म्हणे. "तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत हो आता."

का राहतील?

दत्तोबांच्या हिशेबी त्या दिवशी दोन शब्दांची अदलाबदल झाली होती. सरांच्या हिशेबी त्यांना फुकटात राखणदार मिळाला होता. मी हे सारिकाला तेव्हाच सुनावलं. ती म्हणाली, "मावशी, सर मोठे आहेत. ते कशाला असं करतील?" मोठ्यांना करायला कोणी अडवत नाही म्हणूनच करतात, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण तिचा चेहरा इतका उजळला होता की मी गप्प बसले.

पुढे काय झालं असेल ते तुम्हाला कळलंच असेल. गवत निघालं. टाकी धुतली गेली. शनिवार-रविवारी सरांचे मित्र यायला लागले. शालन चुलीवर भाकऱ्या थापायची, गावठी कोंबडीचा रस्सा करायची. आणि एम.ए. झालेली, इतर दिवशी पन्नासभर पोरांना शिकवणारी सारिका कप भरायची, कप विसळायची. संमतिपत्र पिशवीत घेऊन जायची आणि पिशवीतच परत आणायची. "सर, तुम्हाला दिलेला संशोधनाचा आराखडा वाचलात का?" "बघू. पुढच्या रविवारी निवांत बोलू." पुढच्या रविवारी पाहुणे. त्याच्या पुढच्या रविवारी सरांचं डोकं दुखत असे. एकदा त्यांनी आराखडा हातात घेतला, पानं उलटली आणि म्हणाले, समास वाढव. मी समास वाढवून नवी प्रत काढून दिली. पुढे म्हणाले, अक्षर बारीक आहे. ते मोठं केलं. समासावर त्यांचं बारीक लक्ष, मजकुरावर नजर नाही.

"तू तोंड उघडून विचारत का नाहीस?" मी एकदा तिच्यावर ओरडलेच. दुकानात गिऱ्हाइकं उभी होती, त्यांनाही दचकायला झालं.

"विचारलं आणि नाही म्हणाले तर?" ती म्हणाली. "मुदत संपत आलीय, मावशी. आता दुसरं दार ठोठावायला वेळच राहिला नाही."

'बघू' हे असं असतं. ते दार उघडत नाही, आणि दुसऱ्या दाराशी जाऊही देत नाही.

जानेवारीतल्या एका रविवारी मीच मळवलीला गेले. नव्या प्रतीची पानं द्यायची होती, आणि खरं सांगायचं तर या महापुरुषाला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. बंगल्यात पाहुण्यांची पंगत उठली होती. पुण्याहून आलेले प्राध्यापक पुढच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्च्यांत रेलून बसले होते. मी बाजूच्या पायरीवर शालनजवळ टेकले. सरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, म्हणजे माझ्यामागच्या जास्वंदीकडे पाहिलं, आणि नजर वळवली.

सारिका चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. पाहुण्यांपैकी एका चष्मेवाल्या गृहस्थांनी सहज विचारलं, "शिकतेस का गं काही?"

तिच्याआधी सरच बोलले. "एम.ए. आहे बरं का! आमच्या राखणदाराची मुलगी. परीक्षाही पास झालीय."

"अरे वा. मग घे की तिला पीएच.डी.ला."

"कुठे घेऊ?" सर कप उचलत म्हणाले. "माझ्याकडे जागाच नाही. शेवटची होती ती दिवाळीच्या आधीच दिली एकाला."

ते हे कुजबुजले असते, तिला बघून चपापले असते, तर मला एवढा संताप आला नसता. लबाड माणूस निदान आपल्याला मोजतो तरी. हे लपवत नव्हतेच. त्यांच्या लक्षातच नव्हतं. पोरगी ट्रे धरून समोर उभी होती, तिच्याच हातचा चहा त्यांच्या हातात होता, आणि तिला आपण शब्द दिलाय हे त्या माणसाच्या ध्यानातसुद्धा नव्हतं.

सारिकाने ट्रे तिपाईवर ठेवला. "सर, मला तुम्ही बघू म्हणाला होतात."

"अगं हो, मग बघूच ना! पुढच्या वर्षी होईल एखादी जागा. घाई काय आहे? तू कुठे पळून चाललीयस, की बंगला कुठे पळून चाललाय?"

पाहुणे हसले. वाईट मनाने नाही, जेवण चांगलं झालं होतं म्हणून हसले. मी ताडकन उठले. माझ्या तोंडात त्या वेळी जे आलं होतं ते इथे लिहिता येणार नाही. पण सारिकाने माझ्याकडे फक्त पाहिलं आणि रिकामे कप गोळा करायला लागली. एक एक कप उचलून, बशीत बशी घालून, एका रांगेत. तिचं आवरणं मला ठाऊक होतं. मी खाली बसले.

दत्तोबा कोपऱ्यात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी झाडू घेतला. आतल्या खोल्या झाडल्या. फरशी पुसली. टाकी भरली, झाडांना पाणी घातलं, कोळ्यांची जाळी काढली, स्वयंपाकघराचा ओटा घासला. पाहुण्यांतल्या एक बाई म्हणाल्या, "काय पण माणसं आहेत, सांगावं लागत नाही!" माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी मागच्या दारी गाठून दत्तोबांना म्हटलं, "अजून ह्या माणसाचं घर झाडताय? लाज नाही वाटत?"

"झाडू द्या, ताई," ते म्हणाले. "घान ठिवून चावी देत न्हाईत आमच्यात."

ऊन उतरल्यावर पाहुणे गाड्यांत बसायला लागले. सर दारात आले. दत्तोबांनी दार ओढून कुलूप लावलं, कनवटीची चावी काढली आणि खाली वाकून उंबऱ्यावर ठेवली.

माझ्या शेजारी शालनने पदर तोंडाला लावला. "अगं बया," ती पुटपुटली. मग तिने मला हळूच सांगितलं. काम सोडायचं तर चावी मालकाच्या हातात देतात. मग मालकाने ती गावातल्या दुसऱ्या कोणाला द्यावी, त्याला काही नाही. पण ज्या मालकाने शब्द मोडला त्याच्या हातात चावी देत नाहीत. ती उंबऱ्यावर ठेवायची. आणि उंबऱ्यावर ठेवलेली चावी गावातलं दुसरं माणूस घेत नाही.

सरांना यातलं काय कळणार? "अहो, इथे काय ठेवताय, हरवेल!" म्हणत त्यांनी ती उचलली आणि पुन्हा दत्तोबांपुढे धरली.

दत्तोबांनी हात मागे बांधले. "तुमची चावी तुमच्यापाशी असू द्या."

"का हो? पगाराचं म्हणत असाल तर मी आधीच..."

"पगार?" दत्तोबांचा आवाज पहिल्यांदा चढला. गाडीत बसणारे वळून पाहायला लागले. "पगार मागितला आसता तर तुमी दिला आसता, ह्ये मला ठावं हाय. जे मागितलं ते देनं जमलं न्हाई तुमाला. न्हाई म्हनायचं व्हतं, साहेब. पैल्या दिशीच न्हाई म्हनायचं व्हतं! पोरगी दुसरीकडं गेली आसती."

सारिका पुढे झाली. "सर, माझा आराखडा परत द्या."

सरांनी कपाळावर हात फिरवला. आराखडा? कुठे बरं ठेवला? पुण्याला असेल, बहुतेक केबिनमध्ये. सारिकाने त्यांच्या हातातल्या चावीला हात लावला नाही, दाराकडे बोट करून म्हणाली, "दार उघडा." सरांनी आपल्या हाताने दार उघडलं. ती सरळ आत गेली आणि लगेच बाहेर आली. टीव्हीच्या शेजारी फुलदाणीखाली होता तो.

"दर रविवारी त्याच्यावरची धूळ मीच पुसत होते, सर," ती म्हणाली.

आम्ही चौघंही चालत निघालो. फाटकाबाहेर आल्यावर सारिका रडली. दुःखाने नव्हे, चिडून रडली, दगडाला लाथ मारून रडली. मला फार बरं वाटलं.

मुदत गेली ती गेलीच. परीक्षा पुन्हा द्यावी लागली. लोक म्हणतात, शेवट गोड झाला ना, मग सोडून द्या. मी का सोडू? तिचं वर्ष कोणी परत आणून दिलं? तिच्याबरोबरची पोरगी वर्षभर पुढे गेली, आता कॉलेजात पक्की जागा निघाली की ती आधी तिलाच मिळणार. राग सोडा म्हणणाऱ्यांनी आधी ते वर्ष आणून माझ्या काउंटरवर ठेवावं.

दुसऱ्यांदा पास झाल्यावर तिला दुसऱ्या विद्यापीठात माधवीबाई भेटल्या. नाव फारसं कोणाला माहीत नाही, विभाग एवढासा. त्यांनी सारिकाला समोर बसवून आराखडा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि भडकल्याच. "हे पहिलं प्रकरण कोणाच्या पुस्तकातून उचललंस? फेकून दे. आणि तुझ्या वडिलांनी पहिली चावी कधी घेतली, ते का नाही लिहिलं?" तासभर झाडलं तिला. मग सही केली. सारिका दुकानात आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. मला वाटलं आता कपाट आवरायला घेणार. पण स्टुलावर बसली आणि चहा मागवा म्हणाली. माझ्या दुकानातली धूळ त्या दिवशी होती तिथेच राहिली.

या दिवाळीच्या आधी एक मोठी गाडी माझ्या दुकानापुढे थांबली. उतरले कोण, तर सर. मी ओळखलं, त्यांनी नाही. जास्वंदीपुढची बाई कुठे लक्षात राहणार?

त्यांना एक जाहिरात छापून हवी होती. 'मळवली येथील बंगल्यासाठी केअरटेकर पाहिजे. पगार चांगला. राहण्याची सोय.' मी टाइप करत होते आणि ते बोलत होते. वर्ष होत आलं, माणूस मिळत नाही. सगळ्या मळवलीत फिरलो. एक म्हणतो, हातात आहेत तीच घरं आवरत नाहीत. एक म्हणतो, पुढच्या वर्षी इचारा. एकाने तर चावीकडे बघितलं आणि दारच लावून घेतलं. गवत पुन्हा वाढलंय, टाकी गळतेय. "या लोकांना कामच नकोय हो!" ते म्हणाले.

मी कागद काढून पुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून पाहिला. "समास जरा वाढवा."

मी समास वाढवला. नवी प्रत काढली. त्यांनी निम्मे कागद गाडीत टाकले, निम्मे माझ्याकडे ठेवले आणि त्यावर चावी ठेवली. "तुम्ही इथल्याच ना? तुमच्या ओळखीत कोणी असेल तर एवढं करा. चावी ठेवूनच जातो, माणूस मिळाला की देऊन टाका. फार अडचण झालीय हो."

मी चावी उचलली नाही. कागदांसकट त्यांच्याकडे सरकवली.

"बघू," मी म्हटलं. "पुढच्या रविवारी या. निवांत बोलू."